‘सिंकोपी’ हा शब्द मराठी कथेत चालेल का?

सुरंगीचा_वळेसर (धागाकर्ती)

मंडळी, एका दिवाळी अंकासाठी कथा लिहितेय. मालवण तालुक्यातलं गाव, जत्रेची रात्र, देवळासमोर दशावतार. कथेतले तात्या पेटी वाजवतात, वय पासष्टच्या पुढे. आख्यान रंगात आलेलं असताना पेटीवर बसल्या बसल्या त्यांची शुद्ध जाते, काही सेकंदांत परत येते आणि ते पुढे वाजवू लागतात. समोरच्यांना वाटतं, पेटीवाल्याने ओळ गाळली. तात्यांनाही तेवढंच वाटतं. पुढची सगळी कथा त्या गाळलेल्या ओळीभोवती फिरते.

याबद्दल वाचताना ‘सिंकोपी’ हा इंग्रजी शब्द भेटला. डॉक्टरांच्या भाषेत त्याचा अर्थ थोड्या वेळापुरती शुद्ध हरपणं. व्याकरणात आणि काव्यशास्त्रात शब्दाच्या मधला स्वर किंवा अक्षर गळून जाणं. वाचल्यावर मी खुर्चीतून उठलेच. तात्यांचं जे झालं ते दोन्ही अर्थांनी सिंकोपीच की! तेच शीर्षक देऊन संपादकांना कळवलं, तर त्यांचं उत्तर आलं, “वाचक पहिल्याच पानावर अडखळेल, मराठी काहीतरी बघा.”

मला दोन गोष्टी हव्यात. इथल्या डॉक्टर मंडळींनी तात्यांचं दुखणं पटतं का ते सांगावं, आणि भाषेच्या जाणकारांनी दुसरा अर्थ मी नीट समजलेय का ते. शीर्षकावर भांडायला सगळ्यांना मुभा.

बांगड्याचा_तिखला

सिंकोपी म्हणजे काय तां माका आज कळला. आमच्याकडे येकच शब्द, घेरी इली. म्हातारो पेटीवर पडलो तर पयलो प्रश्न ‘सांजचो जेवललस काय?’ असो येतलो, सिंकोपी-बिंकोपी मागसून. आणि खय पडलो त्येच्यावर पण आसा हां. देवळात पडलो तर अंगात इला, घराकडे पडलो तर प्रेशर, आणि बाजारात पडलो तर दारू.

केसपेपर

कुडाळ पट्ट्यात बरीच वर्षं प्रॅक्टिस आहे, म्हणून लिहितो. वरचा प्रतिसाद हसण्यावारी नेऊ नका. रुग्णाचे नातेवाईक निदान करूनच येतात, आणि ते निदान बहुतेक वेळा जागेवरूनच ठरलेलं असतं.

सिंकोपी म्हणजे नुसती चक्कर नव्हे. मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ एकदम कमी पडतो, त्याने शुद्ध जाते, आणि औषधपाणी न करता माणूस लगेच, पूर्णपणे भानावर येतो. यातली एक जरी गोष्ट नसेल तर ती सिंकोपी नाही. घर फिरल्यासारखं वाटलं तर ती चक्कर, साखर उतरून गुंगी आली तर ती वेगळी, फीट तर अगदीच निराळी.

सर्वांत जास्त दिसणारा प्रकार व्हॅसोव्हेगल. हे नाव रूढ केलं थॉमस लुईस यांनी, १९३२ साली. आंगणेवाडीला भराडीदेवीच्या दर्शनाच्या रांगेत उन्हात तासन्‌तास उभा राहिलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त खाली साचतं, त्यात व्हेगस नर्व्ह, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे येणारी एक नस, हृदयाची गती उतरवते. पडण्याआधी शरीर सूचना देतं. घाम फुटतो, मळमळतं, कानात दडे बसतात, नजरेसमोर अंधारी येते, चेहरा पांढरा पडतो. तो पडतो तेव्हा डोकं आणि हृदय एका पातळीत येतं, मेंदूला रक्त मिळतं आणि तो डोळे उघडतो. पडणं हाच त्यावरचा उपाय असतो. आपली माणसं मात्र बखोटीला धरून त्याला उभा करायला धावतात.

आता तुमचे तात्या. वय झालेलं, बसलेले आहेत, आणि तुमच्या मजकुरात घाम-मळमळ काही नाही, एकदम शुद्ध गेली. मला हे व्हॅसोव्हेगल वाटत नाही. वाटतो तो हार्ट ब्लॉक. लोक ब्लॉकेज म्हणतात आणि ज्यासाठी अँजिओप्लास्टी करतात तो हा नव्हे. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला विजेचा संदेश खालच्या कप्प्यात पोचत नाही, तो हा. तो पूर्ण अडला की काही सेकंद नाडीच लागत नाही. अशा झटक्यांना स्टोक्स-अ‍ॅडम्स म्हणतात. दोघेही डब्लिनचे डॉक्टर, अ‍ॅडम्स यांनी १८२७ मध्ये लिहिलं, स्टोक्स यांनी १८४६ मध्ये.

कथेसाठी तीन गोष्टी देतो. एक, चेहरा आधी पांढराफटक होतो आणि हृदय पुन्हा चालू झालं की लालसर होतो. दोन, म्हाताऱ्या माणसांना पुष्कळदा शुद्ध गेल्याचं आठवतच नाही, त्यामुळे ‘ओळ चुकली’ असं तात्यांना वाटणं बरोबर आहे. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. रक्त थांबल्याबरोबर शुद्ध जात नाही, सहा-आठ सेकंद लागतात. म्हणजे शेवटची ओळ तात्यांनी वाजवली तेव्हा त्यांचं हृदय थांबलेलं होतं.

सुरंगीचा_वळेसर

डॉक्टर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. कथेची दिशाच बदलतेय. गाळलेल्या ओळीपेक्षा तिच्या आधीची ओळ मोठी झाली.

रोखठोक

कथा चांगली होईल, पण शीर्षकाला माझा विरोध. ‘मूर्च्छा’ हा सोन्यासारखा शब्द असताना सिंकोपी कशाला? इंग्रजी शब्द दुर्मिळ असला की आपल्याला तो खोल वाटतो, आपला दुर्मिळ शब्द मात्र बोजड वाटतो. हे थांबलं पाहिजे.

मात्रावृत्त

रत्नागिरीत कॉलेजात भाषाशास्त्र शिकवत होतो, त्या अधिकाराने दुसऱ्या अर्थाबद्दल लिहितो.

मूळ ग्रीक. ‘सिन’ म्हणजे सोबत, ‘कोप्तेइन’ म्हणजे कापणं, तोडणं. त्याच कोप्तेइनपासून स्वल्पविरामाचा कॉमा आला, कापलेला तुकडा या अर्थाने. (बेशुद्धीतला कोमा वेगळ्या घराण्यातला, त्याचं मूळ गाढ झोप.) इंग्रजी कवी मात्रा जुळवायला मधला स्वर खात. ‘हेवन’ दोन अवयवांचा (अवयव म्हणजे सिलेबल, एका दमात उच्चारायचा तुकडा), तो ‘हेव्‌न’ असा एका अवयवात बसवायचा, ‘ओव्हर’चा ‘ओअर’ करायचा. याला सिंकोपी म्हणतात. सुरंगीताई, तुम्ही अर्थ बरोबर घेतला आहे.

पण यासाठी इंग्रजी कवितेकडे जायची गरज नाही, मराठी माणूस दिवसभर हेच करत असतो. ‘माणूस’ला ‘ला’ लावला की ‘माणसाला’, ऊ गेला. लिहिताना तिथे अ दिसतो, बोलताना तोही नसतो, आपण ‘माण्साला’ म्हणतो. ‘कापूस’चं ‘कापसाचा’ तसंच. तुमचं मालवणच बघा. लिहितो मा-ल-व-ण आणि म्हणतो ‘माल्वण्’. कणकवलीत तर दोन ठिकाणी अ गळतो, ‘कण्कव्ली’. गाडीत कंडक्टर ओरडतो तेव्हा कान देऊन ऐका.

अक्षर सुरुवातीचं गळलं तर त्याला अ‍ॅफेरेसिस म्हणतात. संस्कृत ‘अरण्य’चं ‘रान’ झालं, ‘अरघट्ट’चा आपल्या बागायतीतला ‘रहाट’ झाला, तो हा प्रकार. शेवटचं गळलं तर अपॉकपी. डॉक्टर मंडळी ‘सिंकोपी’ला सर्रास ‘सिंकोप’ म्हणतात, तेव्हा सिंकोपीचीच अपॉकपी झालेली असते. इंग्रजी उच्चार ‘सिंकपी’च्या जवळचा आहे, तीन अवयव, जोर पहिल्यावर.

केसपेपर

सर, सिंकोप म्हणणाऱ्यांत मीही आहे आणि सुधारणार नाही. सिंकपी म्हटलं तर सिस्टर दोनदा विचारतात. पण तुमचा अ‍ॅफेरेसिस आमच्याकडे रोज आहे. डेंग्यूच्या सिझनमध्ये दात्याच्या रक्तातून फक्त प्लेटलेट काढून बाकीचं रक्त त्याला परत देतात, ती प्रक्रिया अफेरेसिस. तोच शब्द ना?

मात्रावृत्त

तोच. ‘काढून घेणं’ हा मूळ अर्थ, स्पेलिंग तेवढं सुटसुटीत केलं. तुम्ही रक्तातून काढता, आम्ही शब्दातून.

बांगड्याचा_तिखला

म्हणजे रहाटाचो अ कोणीतरी ब्लड बँकेत ठेवललो आसा.

सिस्टर_आता_घरी

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करून निवृत्त झाले. साहित्यातलं मला कळत नाही, पण कोणी पडल्यावर काय करायचं यावर इथे अजून कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

शाळेत लसीकरणाला गेलं की एक मुलगी पडायची आणि तिला बघून दुसरी. म्हणून आम्ही बाकावर बसवूनच सुई द्यायचो आणि नंतरही पंधरा मिनिटं बसवून ठेवायचो. कोणी पडलं तर आडवं ठेवा, पाय उशी-पिशवी काहीतरी घेऊन वर करा, गळ्याशी कपडा सैल करा, गर्दी हटवा. उलटी होतेय असं वाटलं तर कुशीवर वळवा. तोंडात पाणी ओतायचं नाही, शुद्ध नसताना ते श्वासनळीत जातं. कांदा फोडून नाकाला लावतात, चप्पल हुंगवतात. माणूस तसाही उठणारच असतो आणि श्रेय चपलेला मिळतं. श्वास नीट चालू नसेल किंवा एक-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही तर १०८ ला फोन करायचा, वाट बघायची नाही.

ज्यांना सारखी अंधारी येते त्यांनी सूचना मिळताच बसावं. बसायला जागा नसेल तर पायांवर पाय आवळून मांड्या ताठ कराव्यात, मुठी घट्ट वळाव्यात. रक्त वर चढतं, थोडा वेळ मिळतो.

आणि धावताना, ओझं उचलताना, पोहताना जो पडला, छातीत धडधडून जो पडला, किंवा ज्याच्या घरात तरुण माणूस अचानक गेलेलं आहे, त्याला घेरी म्हणून घरी ठेवायचं नाही. ईसीजी काढायलाच हवा.

रापणकर

सिस्टर, एक शंका. आमच्याकडे एक जण होडी ओढताना पडला, हातपाय झाडले. सगळे म्हणाले फीट. नंतर त्याला फीटच्याच गोळ्या चालू झाल्या. हातपाय झाडले म्हणजे फीटच ना?

केसपेपर

नाही, आणि ही गल्लत फार होते. नुसत्या सिंकोपीतही हातपाय झटके देतात. १९९४ मध्ये जर्मनीत काही संशोधकांनी धडधाकट स्वयंसेवकांना मुद्दाम बेशुद्ध केलं आणि त्याचं चित्रीकरण केलं. ज्यांची शुद्ध पूर्ण गेली त्यांच्यापैकी सुमारे नव्वद टक्के लोकांच्या अंगाला झटके आले. कुणालाही मिरगी नव्हती. (कसं बेशुद्ध केलं ते इथे लिहीत नाही, कोणीतरी करून बघेल.)

मग फरक कसा ओळखायचा? सिंकोपीतले झटके थोडे, विस्कळीत आणि पडल्यानंतर येतात. फीटमध्ये ते एका लयीत, जास्त वेळ. जीभ कडेला चावली गेली असेल तर फीटकडे कल जातो. पण मी सगळ्यांत आधी विचारतो, ‘उठल्यावर काय केलं?’ उठून ‘काय झालं, कुठे पडलो’ म्हणत लगेच माणसं ओळखली तर बहुधा सिंकोपी. बराच वेळ गोंधळलेला, ओळखत नाही, झोपेत असल्यासारखा, तर फीट. त्या गोंधळाला आम्ही पोस्टइक्टल म्हणतो. लघवी होणं दोन्हींत होतं, त्यावरून काही ठरत नाही.

रापणकर, ओढताना, म्हणजे जोर लावताना पडला हे मला जास्त काळजीचं वाटतं. गोळ्या स्वतः बंद करू नका, एकदम बंद करणं धोक्याचं असतं. पण त्याला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेऊन ईसीजी आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. पडताना बघितलेला माणूस सोबत न्या. त्याची दोन वाक्यं पुष्कळदा स्कॅनपेक्षा जास्त सांगतात.

रापणकर

नेतो. बघितलेला माणूस मीच आहे.

मात्रावृत्त

डॉक्टर, तुम्ही ‘पोस्टइक्टल’ लिहिलंत आणि मला राहवलं नाही. त्यातला ‘इक्टस’ हाही दुहेरी शब्द आहे. लॅटिनमध्ये अर्थ फटका, प्रहार. तुमच्याकडे फीट किंवा मेंदूचा झटका, आमच्याकडे छंदात ज्या अवयवावर ठोका पडतो तो. तुम्ही रोज सिंकोपी की इक्टस हे ठरवता. कवितेचा मास्तरही ओळ हातात घेऊन तेच ठरवतो, इथे अक्षर गळलंय की इथे ठोका आहे.

आणि यात इंग्रजी-लॅटिनची मिरास काही नाही. आपला ‘आघात’ बघा. उच्चारशास्त्रात बलाघात, दवाखान्यात पक्षाघात.

रोखठोक

हेच मी म्हणत होतो. आपल्याकडे सगळं आहे.

काढा_चूर्ण

वैद्य आहे. रोखठोक यांना पुष्टी देतो, पण थोडी वेगळ्या वाटेने.

चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या चोविसाव्या अध्यायात मद, मूर्च्छा आणि संन्यास अशा तीन चढत्या पायऱ्या आहेत. मद आणि मूर्च्छा दोषांचा वेग ओसरला की आपोआप शमतात, संन्यास मात्र औषधाशिवाय शमत नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. डॉक्टरसाहेबांनी वर ‘औषधपाणी न करता भानावर येतो’ ही खूण सांगितली, तीच ही. संन्यास म्हणजे त्यांचा कोमा म्हणा. भगव्या कपड्यांतला संन्यास वेगळा, पण शब्द एकच.

शिवाय मूर्च्छन हा आमच्या औषधशाळेतलाही शब्द. तेल सिद्ध करण्याआधी हळद, मंजिष्ठा वगैरे घालून कढवतात, त्याला तैलमूर्च्छन म्हणतात. पाऱ्यावरही मूर्च्छन करतात. आणि जुन्या संगीतशास्त्रात मूर्च्छना म्हणजे सात सुरांची क्रमाने केलेली मांडणी, सुरुवातीचा सूर बदलला की मूर्च्छना बदलली. तुमचे तात्या पेटीवाले! ‘मूर्च्छना’ हे शीर्षक आयतं आहे.

सुरंगीचा_वळेसर

वैद्यबुवा, तासभर याच शब्दाने झपाटले होते. मग लक्षात आलं की तो फार गोड आहे. ‘मूर्च्छना’ वाचून माणूस रेशमी साडीतल्या गायिकेची वाट बघेल, आणि माझे तात्या दीडशे रुपयांच्या चपला खुर्चीखाली ठेवून बसलेत. त्यांच्या तोंडी ‘पांढरी पाच’ असं पेटीच्या पट्टीचं नाव असतं, मूर्च्छना नसतं.

रंगपीठ

मूर्च्छेचा विषय निघालाच आहे तर नाट्यशास्त्राला बाहेर ठेवू नका. भरताने आठ सात्त्विक भाव सांगितले: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. हा प्रलय जगबुडीचा नव्हे. नटाने दाखवायची शुद्ध हरपण्याची अवस्था, ती प्रलय. आता डॉक्टरांची यादी पुन्हा वाचा. घाम म्हणजे स्वेद, चेहरा पांढरा म्हणजे वैवर्ण्य, मग कोसळणं म्हणजे प्रलय. भरताने भाव मोजले, पण निरीक्षण अंगाचंच आहे.

आपल्या नाटकांत मूर्च्छा फार स्वस्त झाली, हेही खरं. पत्र वाचलं की पडली, नाव ऐकलं की पडला, वाऱ्याला दासी हजर. जुन्यांत मात्र ती काम करते. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गाच्या शेवटी मदन जळून जातो तेव्हा रती मूर्च्छित होते, आणि कालिदास म्हणतो की त्या मूर्च्छेने तिच्यावर उपकारच केला, तेवढा वेळ तिला नवऱ्याचं मरण कळलं नाही. चौथा सर्ग तिच्या जागं होण्याने सुरू होतो. म्हणजे दोन सर्गांच्या मधली जागाच बेशुद्ध आहे. उत्तररामचरिताच्या तिसऱ्या अंकात राम मूर्च्छित होतो आणि अदृश्य सीतेच्या स्पर्शाने भानावर येतो. स्पर्श झाला हे त्याला कळतं, कुणाचा ते दिसत नाही.

सुरंगीताई, तुमच्या तात्यांची मूर्च्छा कुणाला काय करते, हे आधी ठरवा. शीर्षक त्यानंतर.

पखवाज_आणि_झांज

मी दशावतारात साथीला बसतो, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेली गोष्ट सांगतो. कथेचा पायाच डळमळतो आहे.

दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण काय करणार ते आत रंगपटात बोलतात, बाकी नट उभ्या उभ्या बोलतो. पद कधी सुरू होणार तेही त्याच्या इशाऱ्यावर. तेव्हा ‘पेटीवाल्याने ओळ गाळली’ असं समोर बसलेल्या माणसाला कळायचा प्रश्नच नाही, ओळ काय होती हे त्याला माहीतच नाही. पेटी थांबली तरी पखवाज थांबत नाही, झांज थांबत नाही. रात्री दोनला निम्मे प्रेक्षक तसेही पेंगत असतात. पेटी दहा सेकंद गेली तर लोक म्हणतील भात्याला काहीतरी झालं.

कळेल ते एकालाच, जो गातोय त्याला. समजा स्त्रीपार्टी करणारा नट पद म्हणतोय आणि खालचा सूर एकदम गेला. त्याला पाय घसरल्यासारखं होतं. चांगला नट त्या वेळी गाणं सोडून बोलायला लागतो, शोक असेल तर हुंदका देतो. लोकांना वाटतं काय अभिनय केला! आम्ही शेजारी बसलेले, आम्हाला दिसतं. मी पेटीवाल्याचा हात बघतच वाजवतो.

आणि तात्या खुर्चीवर नव्हे. बाकावर आम्ही एका रांगेत बसतो, पडले तर माझ्या अंगावर पडतील.

सुरंगीचा_वळेसर

हे मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं. म्हणजे ओळ तात्यांची गळलीच नाही, स्त्रीपार्टीवाल्याने ती भरून काढली. आणि लोकांनी टाळ्या त्याला दिल्या. आता सांगणाराच बदलते. कथा त्या नटाच्या तोंडून.

मात्रावृत्त

मग शीर्षकासाठी माझा एक उमेदवार. पाणिनीचं सूत्र आहे, ‘अदर्शनं लोपः’, पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादात साठावं. लोप म्हणजे नाश नव्हे, न दिसणं. दोनच सूत्रांनंतर तो म्हणतो की प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचं कार्य होत राहतं. गेलेला प्रत्यय दिसत नाही पण शब्दावर त्याची सत्ता चालते. नटाने ओळ भरून काढली हे त्यात चपखल बसतं. ‘लोप’ मराठी आहे, दोन अक्षरी आहे, संपादकही अडखळणार नाहीत. आणि ‘शुद्धी लोपली’ हा प्रयोग जुन्या मराठीला परका नाही.

केसपेपर

मला आवडला. ईसीजीवर हेच दिसतं. वरच्या कप्प्याची छोटी लाट वेळेवर येते, तिच्यामागे खालच्या कप्प्याची मोठी लाट यायची ती येत नाही, कागद सपाट. मग पुन्हा छोटी लाट. आम्ही ‘ड्रॉप्ड बीट’ म्हणतो. व्हेंकेबाख या डच डॉक्टरांनी तर १८९९ मध्ये, ईसीजी वापरात येण्याआधी, नुसत्या नाडीच्या आलेखावरून गळलेला ठोका कुठे गळला ते मांडलं होतं.

सिंकोपी शब्द मात्र पूर्ण टाकू नका. तो कथेत एकदाच येऊ दे, केसपेपरवर, डॉक्टरच्या अक्षरात. तात्यांचा मुलगा तो वाचायचा प्रयत्न करील आणि वाचता येणार नाही. हे शंभर टक्के खरं वाटेल, माझं अक्षर तसंच आहे.

मात्रावृत्त

त्यावर एक सुचवू? तात्यांचा भाचा इंग्रजीचा प्राध्यापक. त्याला शब्दाचा दुसरा अर्थ माहीत असतो...

रोखठोक

भाचा नको. कथेत प्राध्यापक आला की तो समजावून सांगायला लागतो. आणि हो, ‘लोप’ला माझं मत. मूर्च्छा मागे घेतो, वैद्यबुवांनी तिच्यात हळद-मंजिष्ठा घातल्यापासून जेवणाचा वास येतोय.

काढा_चूर्ण

मंजिष्ठेचा वास जेवणासारखा नसतो. असो.

सुरंगीचा_वळेसर

तर ठरलं एवढं. शीर्षक ‘लोप’. सिंकोपी एकदा, केसपेपरवर, आणि कोणी तिचा अर्थ सांगत नाही. वाडीत सगळे घेरीच म्हणतात. निवेदक स्त्रीपार्टीवाला. तात्या बाकावर, पखवाजवाल्याच्या उजवीकडे. पेसमेकर बसवायचा की नाही ते अजून ठरलेलं नाही.

पखवाजदादा, शेवटचा प्रश्न. आख्यान कुठलं घेऊ? मला लक्ष्मणाला शक्ती लागते ते सुचतंय. रंगमंचावर लक्ष्मण मूर्च्छित, खाली तात्या.

रंगपीठ

नको! दोन मूर्च्छा एकाच वेळी आल्या की वाचकाला लेखिका दिसायला लागते.

पखवाज_आणि_झांज

रंगपीठ बरोबर बोलतात. शिवाय त्यात गाणाऱ्या बाईला काम कमी, आणि तुम्हाला तर तीच हवीय. हरिश्चंद्र-तारामती घ्या. स्मशानात रोहिदासाला घेऊन तारामती येते, तिथे लांब विलापाचं पद असतं. सूर गेला आणि तो रडायला लागला तर कोणाला काही कळणार नाही. ते आख्यान पहाटेकडे येतं, तेव्हा तात्या रात्रभर बसून थकलेले असतील हेही जुळतं.

केसपेपर

पेसमेकर बसवा हो. पूर्णपणे शरीराच्या आत बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये स्वीडनमध्ये लावला, तो रुग्ण २००१ पर्यंत जगला. तात्यांना एवढ्यात मारायचं काही कारण नाही.

बांगड्याचा_तिखला

डॉक्टर, पेसमेकर बसयलो की पेटी वाजवक गावतली काय तां पयला सांगा.

केसपेपर

ज्या बाजूला बसवला तो हात सुरुवातीचे काही आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही. पेटीला हात खांद्याच्या वर जात नाही. जखम भरली की बसू दे खुशाल. फक्त पेटी उचलून टेम्पोत दुसऱ्याने चढवायची.